बारा दिवसांचं गाव

१९८५ साली बुडापेस्टच्या ‘मेद्वेतान्त्स’ या नियतकालिकात समाजशास्त्राचा एक लेख छापून आला. फेरेन्त्स एरोश, आंद्राश कोवाच आणि कातालिन लेवाई या तिघांनी युद्धानंतर जन्मलेल्या हंगेरियन ज्यूंच्या मुलाखतींवरून तो लिहिला होता. मथळा होता, ‘मी ज्यू आहे हे मला कसं कळलं?’ हा प्रश्न पडावा, यातच सगळं आलं. आपण कोण हे माणसाला सहसा घरी कळतं. इथे अनेक घरांत तो विषयच निघत नव्हता. कुणाला ते वर्गातल्या एखाद्या शेऱ्यातून कळलं, तर कुणाला वयात आल्यावर, तेही योगायोगाने.

त्या मौनाला कारण होतं. १५ मे ते ९ जुलै १९४४, म्हणजे आठ आठवड्यांत, हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना आगगाड्यांत कोंबून बाहेर धाडण्यात आलं. बहुतेकांचं शेवटचं स्टेशन आउशवित्झ होतं. वाचले ते मुख्यतः बुडापेस्टमधले. पुढे कम्युनिस्ट राजवट आली आणि धर्म ही घरातसुद्धा जपून बोलायची गोष्ट झाली. आडनाव बदललेल्या, देवघर मोडलेल्या आईबापांनी मुलांना काही न सांगणं हेच त्यांचं संरक्षण मानलं. अपवाद थोडेच. सोव्हिएत गोटात उरलेलं एकमेव रब्बी-विद्यालय बुडापेस्टमध्ये होतं. तिथले विद्वान संचालक शांदोर शाइबर यांच्याकडे शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर तरुण मुलंमुली जमत. खुर्च्यांवर गुप्त पोलिसांची माणसंही बसलेली असत, हे जमणाऱ्यांना ठाऊक होतं. शाइबर १९८५मध्येच गेले.

चार-पाच वर्षांनी राजवट कोसळल्यावर प्रश्न उरला तो असा: ज्या पिढीला घरातून काही मिळालंच नाही, तिच्या मुलांना ते कुणी, कुठे आणि कुणाच्या पैशाने द्यायचं?

त्याचं एक उत्तर बुडापेस्टपासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर आग्नेयेला सापडतं. सॉरवॉश हे सपाट, उन्हात तापणाऱ्या मैदानी प्रदेशातलं गाव. केरेश नदीचा एक जुना, संथ फाटा त्याला वळसा घालून जातो. एरवी इथलं वृक्षोद्यान बघायला लोक येतात. १९९० साली इथे ज्यू मुलांचं आंतरराष्ट्रीय उन्हाळी शिबिर सुरू झालं आणि तेव्हापासून उन्हाळा आला की गावाच्या कडेला दुसरं एक गाव वसतं. साधारण बारा दिवसांची एक तुकडी, अशा चार तुकड्या. एका उन्हाळ्यात दीड हजारांच्या आसपास मुलं, वीसपेक्षा जास्त देशांतली. हंगेरीची सर्वांत जास्त. शिवाय पोलंड, रुमानिया, बल्गेरिया, सर्बिया, युक्रेन, लिथुआनिया, तुर्कस्तान, अमेरिका, इस्रायल.

शिबिरामागे दोन संस्था आहेत. त्यातली थोरली म्हणजे अमेरिकन ज्यूइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी. एवढं लांबलचक नाव पूर्व युरोपात कुणी घेत नाही, सगळे नुसतं ‘जॉइंट’ म्हणतात. तिचा जन्म एका तारेतून झाला. ऑगस्ट १९१४मध्ये अमेरिकेचे कॉन्स्टॅन्टिनोपलमधले राजदूत हेन्री मॉर्गेन्थाउ यांनी न्यूयॉर्कला कळवलं की महायुद्धामुळे पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंवर उपासमारीची पाळी आली आहे, ५० हजार डॉलर तातडीने हवेत. पैसे जमले, आणि ते वाटणारी समिती कायमची झाली. दोन महायुद्धांमध्ये आणि नंतर तिने भाकरी, औषधं, जहाजाची तिकिटं पुरवली. स्टालिनच्या काळात मात्र याच कमिटीचं नाव शिवीसारखं वापरलं गेलं. १९५२चा प्रागमधला स्लान्स्की खटला असो की १९५३चं मॉस्कोतलं ‘डॉक्टरांचं कारस्थान’, आरोपांत ‘जॉइंट’ ही हेरसंस्था म्हणून हजर होती. १९५३मध्ये तिला हंगेरीतून हाकललं गेलं. १९६७च्या ऑगस्टमध्ये तिचे वरिष्ठ अधिकारी चार्ल्स जॉर्डन प्रागमधल्या हॉटेलातून बाहेर पडले आणि नंतर त्यांचा मृतदेह व्लताव्हा नदीत सापडला. कोडं सुटलेलं नाही. हंगेरीने १९८०मध्ये दार पुन्हा किलकिलं केलं, तेही आधी म्हाताऱ्यांच्या मदतीसाठी. मुलांच्या शिबिराला आणखी दहा वर्षं थांबावं लागलं.

दुसरा हात रोनाल्ड लॉडर यांचा. आई एस्टी लॉडर, हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या ज्यू घरातली मुलगी आणि जगभर खपणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांची मालकीण. म्हणजे पूर्व युरोपातल्या कित्येक ज्यू मुलांची हिब्रू बाराखडी लिपस्टिकच्या नफ्यातून झाली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. १९८६-८७मध्ये रोनाल्ड अमेरिकेचे ऑस्ट्रियातले राजदूत होते. व्हिएन्नात त्यांना सोव्हिएत संघातून आलेल्या ज्यू मुलांची एक बालवाडी दाखवण्यात आली आणि १९८७मध्ये त्यांनी प्रतिष्ठान काढलं. शाळा, बालवाड्या, शिबिरं यांवर त्याचा भर राहिला. बुडापेस्टची लॉडर यावने शाळाही १९९०चीच.

त्याच सुमारास त्याच शहरात एक वेगळा खर्चही चालू होता. दोहान्य रस्त्यावरचं १८५९चं सिनेगॉग युरोपातलं सर्वांत मोठं, सुमारे तीन हजार आसनांचं. युद्धानंतर ते मोडकळीला आलं होतं. हंगेरियन सरकारने निधी दिला, अभिनेते टोनी कर्टिस यांनी वडिलांच्या नावाने काढलेल्या प्रतिष्ठानाने देणग्या गोळा केल्या, एस्टी लॉडर यांनीही मोठी रक्कम दिली, आणि १९९६मध्ये ते पुन्हा झळाळलं. इमारतीला पैसा मिळवणं तुलनेने सोपं असतं. भिंतीवर पाटी लागते, फीत कापता येते, पर्यटक तिकीट काढतात. तीन हजार आसनांवर बसणार कोण, या प्रश्नावर खर्च करायला वेगळ्या स्वभावाचा देणगीदार लागतो. बारा दिवस पोहून, गाऊन, फुटबॉल खेळून मुलं घरी जातात तेव्हा दाखवायला छायाचित्रांपलीकडे काही उरत नाही.

शिबिराची रीत साधी आहे. दिवसभर खेळ, पोहणं, नाटुकली, चित्रकला, आणि त्याच्या आत विणलेला अभ्यास. प्रत्येक देशाची तुकडी आपल्या ‘मदरिखां’सह येते. मदरिख म्हणजे शिबिरातले दादा आणि ताया, बहुतेक विशीच्या आतबाहेरचे आणि स्वतःही कधीकाळी इथे येऊन गेलेले. सूचना एका भाषेत देऊन भागत नाही. हंगेरियन, इंग्रजी, रशियन आणि मग ज्या-त्या तुकडीत कुजबुजत होणारं भाषांतर, असा प्रत्येक निरोपाचा प्रवास. जेवण कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांनुसार. शुक्रवारी संध्याकाळी सगळा तळ शब्बाथसाठी, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, तयार होतो, दिवे लागतात, गाणी सुरू होतात आणि भोजनगृहातली टेबलं बडवली जातात. हिब्रू न समजणारी मुलंही चालीवर गाणं उचलतात. अनेकांच्या आयुष्यातला तो पहिला शब्बाथ असतो.

खरी गंमत पुढे आहे. वारसा वरून खाली वाहतो, असं आपण धरून चालतो. सॉरवॉशने ती दिशाच फिरवली. मुलं घरी जाऊन आईबापांना शुक्रवारचे दिवे कसे लावायचे ते दाखवू लागली. घरातला अनेक वर्षं टाळलेला विषय दहा वर्षांच्या मुलाने जेवणाच्या टेबलावर काढला, की त्याला गप्प करणं आजीलाही जड जातं. आधुनिक हंगेरियन ज्यूंवर लिहिणारे अभ्यासक ही गोष्ट पुन्हा पुन्हा नोंदवतात.

अर्थात, धर्मशास्त्राचा काटेकोर नियम लावला असता तर तळ निम्मा रिकामा राहिला असता. इथे येणाऱ्यांत मिश्र विवाहांतली मुलं बरीच. परंपरेनुसार आई ज्यू असावी लागते. यातल्या अनेकांची फक्त आजी किंवा आजोबा ज्यू. ऑर्थोडॉक्स रब्बींना हे रुचणं कठीण. पण २०११च्या हंगेरियन जनगणनेत ‘धर्म : ज्यू’ असं लिहिणारे जेमतेम ११ हजार होते आणि ज्यू मुळांच्या माणसांचे अंदाज लाखाच्या आसपास जातात. हे मधलं अंतर म्हणजेच शिबिराचं गिऱ्हाईक. दार रुंद ठेवण्याचा निर्णय शहाणपणाचा होता, असंच म्हणावं लागेल.

दरम्यान शेजारी युगोस्लाव्हिया फुटला. तिथल्या ज्यू समाजाचं स्वतःचं उन्हाळी शिबिर अ‍ॅड्रियाटिकच्या किनाऱ्यावर पिरोवाचला भरत असे. बेलग्रेड, झाग्रेब, सारायेव्हो इथल्या मुलांच्या दोस्त्या तिथे जुळायच्या. युद्धाने किनारा एका देशात आणि मुलं चार देशांत गेली. सारायेव्होला वेढा पडला तेव्हा ला बेनेव्होलेन्सिया ही तिथली १८९२पासूनची ज्यू संस्था ‘जॉइंट’च्या मदतीने औषधालय आणि जेवणाचा भटारखाना चालवत होती, तोही सर्व धर्मांच्या लोकांसाठी. शहराबाहेर माणसं काढणाऱ्या बसगाड्यांतही ज्यू, मुसलमान, सर्ब, क्रोएट सगळे होते. अशा काळात एकमेकांशी लढणाऱ्या देशांतल्या ज्यू मुलांना भेटायला हंगेरीसारखी तटस्थ जमीन उपयोगी पडली.

बारा दिवस संपल्यावर काय? अनुदानाचा पुढचा टप्पा इथे येतो. बुडापेस्टमध्ये १९९४ला ‘बालिंत हाझ’ हे सामुदायिक केंद्र उघडलं, लंडनच्या बालिंत कुटुंबाच्या देणगीतून. विशी ओलांडलेल्यांसाठी अमेरिकेत २००६मध्ये जन्मलेली ‘मोइशे हाउस’ची कल्पना युरोपातही रुजली. तिचा हिशेब चलाख आहे. तीन ते पाच तरुणांनी एकत्र घर घ्यायचं. भाड्याचा मोठा वाटा संस्था उचलणार. बदल्यात त्यांनी दर महिन्याला ठरलेल्या संख्येने कार्यक्रम घरातच करायचे. शब्बाथचं जेवण, पुस्तकचर्चा, चित्रपट, सणाची मेजवानी. पगारी संघटक नको, सभागृह नको. भाडं परवडत नाही ही मोठ्या शहरांतल्या पोरांची अडचण आणि पोरं जमत नाहीत ही समाजाची अडचण, दोन्हींवर एकच चेक.

अनुदानाच्या दुनियेचे काही जुने रोग इथेही आहेत. ‘नवा उपक्रम’ म्हटलं की पैसे मिळतात. जुन्याच उपक्रमाचं वीजबिल म्हटलं की मिळत नाहीत. अर्ज इंग्रजीत, हिशेब परकीय चलनात, आणि यश मोजायचं ते हजेरीपटावरून. प्रत्येक निधीची भाषाही निराळी. अमेरिकेतल्या देणगीदाराला ‘ज्यू ओळख’ ऐकायची असते. ब्रसेल्सच्या इरॅस्मस प्लस किंवा स्ट्रासबर्गच्या युरोपीय युवा निधीकडे जाताना तोच कार्यक्रम ‘बहुसांस्कृतिक संवाद’ आणि ‘नागरिकत्व’ या पोशाखात उभा करावा लागतो. १९७८मध्ये ग्रेनोब्लला स्थापन झालेल्या युरोपीय ज्यू विद्यार्थी संघासारख्या संघटनांना या दोन्ही बोली बोलता येतात. दूरच्या गावातल्या चार उत्साही पोरांना त्या कुठून यायच्या? स्टॉकहोमच्या ‘पायडेया’ने हे ओळखलं. स्वीडिश सरकारच्या आणि वॉलेनबर्ग प्रतिष्ठानाच्या निधीतून उभी राहिलेली ही संस्था ज्यू ग्रंथांच्या अभ्यासाबरोबर आपला प्रकल्प नीट मांडायचा कसा, हेही युरोपभरच्या तरुणांना शिकवते.

आणि एक खर्च असा, की त्याच्या अर्जात संस्कृतीचा उल्लेखही नसतो. ९ ऑक्टोबर २०१९, योम किप्पूर, ज्यूंचा उपासाचा सण. जर्मनीतल्या हाले शहरातल्या सिनेगॉगमध्ये पन्नासेक माणसं उपास धरून बसली होती. त्यांत बर्लिनहून आलेला तरुणांचा एक गट होता, ‘हिलेल’ या विद्यार्थी संघटनेच्या बर्लिन केंद्राचा; छोट्या समाजाला सणाच्या दिवशी सोबत करायला ते आले होते. बाहेर बंदूकधारी. लाकडी दार त्याला फोडता आलं नाही. चिडून त्याने रस्त्यावर आणि एका खानावळीत दोघांचा जीव घेतला. नंतर इस्रायलमधल्या ज्यूइश एजन्सी या संस्थेने सांगितलं की तिथल्या कॅमेऱ्यांना आणि दाराच्या मजबुतीला तिच्या सुरक्षा निधीतून मदत मिळाली होती. आत असलेली तरुण माणसं एका अनुदानातून आली होती आणि त्यांच्या आणि बंदूकधाऱ्याच्या मधलं दार दुसऱ्या अनुदानावर उभं होतं. आज युरोपातल्या अनेक ज्यू संस्थांच्या अंदाजपत्रकात पहारेकऱ्याचा पगार हा मोठा आकडा असतो, आणि तो बऱ्याचदा गिटारच्या, सहलीच्या, शिक्षकाच्या पैशातून कापला जातो.

२०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तर प्राधान्यक्रमच उलटेपालटे झाले. क्राकोचं ज्यू सामुदायिक केंद्र २००८मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते उघडलं होतं. आता ते अन्न, कपडे, लंगोट वाटणारं ठाणं झालं. रांगेतले बहुतेक निर्वासित ज्यू नव्हते. सॉरवॉशच्या तळावरही युक्रेनमधली मुलं आली. शिबिर चालवणाऱ्या ‘जॉइंट’ला हे काही नवं नव्हतं; तिची सुरुवातच अशा तारेने झाली होती.

या शिबिराचा एक धागा थेट मुंबईत पोचतो. ‘जॉइंट’ १९६०च्या दशकापासून मुंबईत काम करते आणि इथली बेने इस्रायली मुलंही सॉरवॉशला जाऊन आली आहेत. त्यांची गोष्ट मात्र बुडापेस्टच्या उलटी. शनिवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोकणातल्या या ज्यूंना आपण कोण हे कधी लपवावं लागलं नाही. नवस फेडायला गोड पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मांडायचा, हे अलिबाग-ठाण्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत आलं. महाराष्ट्र सरकारने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोही कुठल्या छळाची भरपाई म्हणून नव्हे. इथे अडचण संख्येची आहे. इस्रायलला गेलेल्यांमागे भारतात चार-पाच हजार उरले, आणि ठाण्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या वयाचे शंभर ज्यू एका जागी बघायला मिळणं अवघड. परंपरा घरात शाबूत, पण बरोबरीचं कुणी नाही. बुडापेस्टच्या मुलाला बरोबरीचे मिळाले तर परंपरा नव्हती. तळावर दोघांची गाठ पडते तेव्हा एलियाहूच्या नावाने काही तरी गायला सांगितलं, तर या दोघांत चाल कुणाला आधी आठवेल हे उघड आहे.