रोलर घासला, पण का? आधी मोजा, मग लेथ

गाळप हंगाम संपला की साखर कारखान्यात मिलचे रोलर बाहेर निघतात. वरून बिडाचं शेल, आत पोलादी शाफ्ट. ऊस आणि त्याच्यासोबत आलेली माती-वाळू यांनी दाते झिजलेले असतात. लगेच लेथवर चढवून नवे दाते कापावेत, असं वाटतं. जरा थांबा. झीज हा पुरावा आहे आणि लेथवर तो कायमचा जातो.

म्हणून आधी लांबीभर ठिकठिकाणी व्यास मोजा. एकच टोक जास्त घासलं असेल, तर रोलर समांतर नव्हते किंवा ऊस एका बाजूला जास्त पडत होता, अशी शंका घ्या. मग रोलर जर्नलवर टेकवून फिरवा आणि डायल गेज लावा. एका फेऱ्यात काटा एकदाच वर गेला, तर केंद्र सरकलंय. एकूण फरक 0.4 मिमी म्हणजे सरक 0.2 मिमी. दोनदा वर गेला, तर रोलर लंबगोल झालाय.

शाफ्ट अल्ट्रासोनिकने तपासा. मिनिटाला 5 फेरे धरले, तर 150 दिवसांत 10.8 लाख फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा पृष्ठभाग एकदा ताणला, एकदा दाबला जातो. त्यातून पडलेली भेग शेलखाली असेल तर डोळ्यांना दिसत नाही.

जुळणी शेवटी. एका रोलरचा व्यास 10 मिमीने कमी झाला, तर केंद्रं तिथेच ठेवल्यास फट 5 मिमीने वाढते आणि रस बगॅसमध्येच राहून जातो. त्यामुळे सेटिंग नव्याने काढावं लागतं.

तुमच्या प्रयोगशाळेतलं उपकरण बिघडलं तरी क्रम हाच: आधी नोंद, मग पाना.