डोळ्यांचे तज्ज्ञ डॉक्टर गावापर्यंत कसे पोहोचतात?

चेन्नईच्या एग्मोर भागातील सरकारी नेत्र रुग्णालय 1819 साली सुरू झाले. देशातील पहिली नेत्रपेढीही 1945 मध्ये इथेच उभी राहिली. पण खेड्यातल्या आजीला एग्मोर काय नि मुंबई काय, दोन्ही सारखीच लांब. म्हणून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात (1976 पासून) तपासणी गावाजवळ आणि शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात, अशी विभागणी केली आहे.

सुरुवात आशाताईंपासून करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात डोळे तपासले जातात. मोतीबिंदू आढळला तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया होते आणि कृत्रिम भिंगही मोफत बसवतात. शाळा किंवा मंडपात शस्त्रक्रिया करू देऊ नका. शिबिर फक्त तपासणीसाठी असते.

"मोतीबिंदू पिकू दे, मग बघू" हे जुने म्हणणे सोडून द्या. आता तो पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाय धूसर दिसण्याचे कारण काचबिंदूही असू शकते. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुधा परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. दोन्हींतला फरक घरी ओळखता येत नाही.

शस्त्रक्रियेआधी रक्तदाब व साखर तपासतात. साखर वाढलेली असेल तर तारीख पुढे ढकलतात. हा नकार नव्हे. पण अनेक जण इथेच घरी परततात आणि पुन्हा जात नाहीत. औषध घेऊन साखर आटोक्यात आणा व नवी तारीख मागून घ्या. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तज्ज्ञांचा सल्ला हवा, पण प्रवास जमत नाही? उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरांशी तुमचे बोलणे करून देतात. ही सेवा मोफत आहे. मात्र पडद्यावरून डोळ्याच्या आतला भाग नीट तपासता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी बोलावले तर जावेच लागेल.

गलाईच्या कामासाठी सांगली-साताऱ्याकडून तमिळनाडूत गेलेल्या कुटुंबांनीही गावी जाईपर्यंत थांबू नये. तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवावे. आधार कार्ड, जुने कागद आणि तमिळ जाणणारे एखादे माणूस सोबत न्या.