रीड हलते, पण आपण ऐकतो काय?

मंडळी, हार्मोनियम तुम्हाआम्हाला नवी नाही. भाता हलवला, पट्टी दाबली, की हवा एका अरुंद खाचेतून वाहते आणि खाचेवरची पितळेची पातळ जीभ, म्हणजे रीड, थरथरू लागते. आता विचारतो, की आपण ऐकतो तो रीडचा आवाज का? फारसा नाही. एवढीशी रीड हवेला ढकलून ढकलणार किती! ती दाराचं काम करते. सेकंदाला शेकडो वेळा हवेची वाट उघडते, मिटते. हवेचे ते झटके आपण ऐकतो. पेटीचा सूर उपस्वरांनी भरलेला, धारदार असतो तो त्यामुळेच.

हे लक्षात ठेवा. कारण अमेरिकेत १९३५ साली एव्हरेट पियानो कंपनीने आणलेल्या ऑर्गट्रॉनने नेमका हाच आवाज बाजूला सारला. कल्पना फ्रेडरिक होश्के यांची. पुढे वुर्लिट्झर कंपनीने ती चालवली.

यातही रीड हवेवरच थरथरते. पण सगळ्या रीड आवाज कोंडणाऱ्या पेटाऱ्यात बंद. प्रत्येक रीडजवळ धातूचा एक स्क्रू, अगदी जवळ, पण न टेकणारा. दोन धातू आणि मध्ये हवा, म्हणजे झाला कपॅसिटर! त्याला मोठ्या रोधातून उच्च दाबाची वीज देतात. रोध मोठा, म्हणून साठलेला विद्युतभार झटकन आत-बाहेर होऊ शकत नाही. रीड स्क्रूजवळ आली की धारकता वाढते, व्होल्टेज उतरतं. लांब गेली की चढतं. ही चढउतार अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरला जाते. म्हणजे बघा, इथे हवेचा आवाज कुणी ऐकतच नाही. मोजलं जातं ते फक्त अंतर.

आता गंमत पुढे आहे. रीडची हालचाल बरीच साधी असते, त्यामुळे सुराचा रंग ठरतो स्क्रूच्या जागेवर. स्क्रू रीडच्या समोर असेल, तर एका फेरीत रीड एकदाच जवळ येते. पण तो कडेला, रीडच्या विश्रांतीच्या पातळीवर ठेवला, तर ती जाताना एकदा आणि येताना एकदा त्याच्यासमोरून जाते. रीड सेकंदाला २२० वेळा हलत असेल, तर वीज ४४० वेळा चढते-उतरते. ऐकू येतो वरच्या सप्तकातला सूर! म्हणून एकाच रीडभोवती वेगवेगळ्या जागी स्क्रू बसवायचे आणि हवा तो निवडायचा. एका रीडचे अनेक रंग झाले.

मग तुम्ही म्हणाल, हा आवाज नकली. मी म्हणेन, घाई करू नका. पेटीतही रीडचा ‘स्वतःचा’ आवाज आपण ऐकत नव्हतोच. तिथे थरथरीचं भाषांतर हवा करते, इथे वीज करते. मूळ सूर कुठला, असं विचारलं तर बोट ठेवायला जागा सापडत नाही. सूर रीडमध्ये नसतो. रीड आणि तिला टिपणारं काहीतरी, यांच्या नात्यात असतो.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. असं जुनं वाद्य दुरुस्त करताना कुणी पेटाऱ्यात मायक्रोफोन ठेवला, तर रीड त्याच, हवा तीच, पण बाहेर येईल पेटीसारखा आवाज. वाद्य हरवलेलं असेल. जपायची आहे ती रीड आणि स्क्रूमधली फट. तिथे धूळ बसली की सूर खरखरतो, स्क्रू जरा सरकला की रंग बदलतो.