जुन्या फोर व्हील जीपला काय बसवावे, काय बसवू नये



पावसाळ्यात पाणंदीतून ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही, म्हणून जुनी फोर व्हील जीप घ्यावी का, घेतली तर तिला काय बसवावे, असे बरेच सभासद गट ऑफिसात विचारतात. याचे उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखाकडे पाहिले की चांगले समजते. वरोरा-राजुऱ्याकडे चिकट काळी माती, तर पूर्वेला आलापल्लीपासून भामरागडपर्यंत जंगल, धानाचे बांध आणि नालेच नाले. पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटायचा, हे तिकडे नेहमीचे. १९७३ साली बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तर तिथवर धड रस्ताच नव्हता.

अशा वाटेवर पहिली अडचण पाण्याची. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून डिझेल जीप पाण्यात बंद पडत नाही असे लोक सांगतात. हे अर्धेच खरे आहे. एअर क्लीनरमधून पाणी आत शिरले तर सिलिंडरमध्ये ते हवेसारखे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे इंजिनचे कामच निघाले! दुसरी खोड अशी की डिफरन्शियल चालून तापलेले असते. गार पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढले जाते. ऑइल दुधासारखे पांढरे दिसले की समजावे. यावर उपाय स्वस्त आहे. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉनेटखाली बांधावी. आमच्या मते जुन्या जीपला पहिला खर्च हाच करावा. मात्र पुलावरून पाणी वाहत असेल तर कसलीही गाडी घालू नये. मोठे टायर हवेने भरलेले असतात, पाण्याचा लोट त्यांना उचलतो.

दुसरे म्हणजे उंची. लांब शॅकल लावून जीप उंच करायची हौस फार. पण त्याने वर जाते ती बॉडी. डिफरन्शियल जमिनीपासून होते तितकेच राहते, ते फक्त टायर मोठे केले तरच वर येते. उलट स्टिअरिंग भरकटते आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस लवकर जातात. जुन्या जीपचा ६.००-१६ हा माप ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरचाही आहे, म्हणून कोणी तोच चढवतो. तसे करू नये. तो रस्त्याच्या वेगासाठी नाही.

चिखलात टायरची हवा थोडी कमी केली की पकड वाढते. पण फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो. म्हणून गाडीत हातपंप हवाच. लो गिअर चिखलात शिरण्याआधी टाकावा, रुतल्यावर नव्हे. त्याने चाकाचा जोर जवळजवळ अडीचपट होतो. सोबत फावडे, रिकामी पोती आणि जॅकखाली घालायला जाड फळी ठेवावी. फळीशिवाय जॅकच काळ्या मातीत बुडतो.

ओढण्याचे हूक चासीला बोल्टने बसवावेत, बंपरला नव्हे. उसाची रुतलेली ट्रॉली ओढताना साखळदंडाजवळ माणसे उभी राहतात, ते आम्ही दर हंगामात पाहतो आणि ओरडतो. ताणलेला वायररोप तुटला तर तो माणसाचा जीव घेतो. त्यावर ओले पोते टाकावे आणि सगळ्यांना लांब उभे करावे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसेच सांगितले. म्हणून इंजिन बदललेली जीप घेताना त्याची नोंद आर.सी. बुकात आहे का ते पाहावे. आणि समोरून जीप दिसते म्हणून ती फोर व्हील असतेच असे नाही. महिंद्राच्या कित्येक जिपा टू व्हीलच निघाल्या. पुढच्या अॅक्सलला डिफरन्शियल आहे का, हे खाली वाकून बघावे. मग चारही चाके जमिनीवरून उचलून, हब लॉक करून आणि फोर व्हीलचा दांडा टाकून पुढची चाके इंजिनवर फिरतात का तेही पाहावे, आणि त्यानंतरच विसार द्यावा.