हिमकुऱ्हाड घेण्याआधी

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की बीडच्या गावागावांत कोयत्यांना धार लागते. इथे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचलही त्याच हिशोबाने ठरते. ज्या जिल्ह्यात माणसं हत्याराच्या नावाने मोजली जातात, तिथल्या पोराला हत्याराची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. मूठ हातात बसते का, वजन पात्याकडे किती, लोखंडाला पाणी नीट दिलंय का, हे तो उचलताच सांगतो. पण तोच पोरगा हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या कोर्सला निघाला की मोबाइलवर वाकड्या दांड्याचं चकचकीत आइस टूल बघतो आणि ही सगळी पारख विसरतो. बालाघाटच्या डोंगरात, धारूरच्या किल्ल्यावर वाढलेल्या मुलांचे पैसे आणि जीव दोन्ही मोलाचे आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की बर्फावर चढायचं हत्यार एकच असतं आणि जेवढं वाकडं तेवढं भारी. खरं तर ही दोन वेगळी हत्यारं आहेत. एक साधी हिमकुऱ्हाड, म्हणजे आइस ॲक्स: दांडा सरळ, माथ्याला एका बाजूला टोकदार पिक, दुसऱ्या बाजूला खुरप्यासारखं पसरट पातं, तळाला अणकुची. ती एकच असते आणि बर्फाच्या उतारावर चालताना काठीसारखी टेकवायची असते. दुसरं आइस टूल. ते जोडीने वापरतात, दोन्ही हातांत एकेक. लांबी साधारण 50 सेंटिमीटर, दांडा वाकवलेला, पिक खाली झुकलेलं.

पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबा डोळ्यांसमोर आणा. विंचरणेचं ते कड्यावरून कोसळणारं पाणी आहे तसं गोठलं, तर त्या उभ्या बर्फावर चढायला आइस टूल लागेल. दांडा वाकडा का, तेही इथेच कळतं. सरळ दांड्याने उभ्या बर्फावर घाव घातला तर बोटांची पेरं बर्फावर आपटतात. वाकामुळे मूठ बर्फापासून सुटी राहते. पिकचा बाकही शोभेसाठी नाही. 1966 मध्ये इव्हाँ शुइनार या अमेरिकन गिर्यारोहकाने आल्प्समध्ये कुऱ्हाडी तपासल्या. सरळ पिक ओढ बसताच निसटतं, हे पाहून त्याने घावाच्या वर्तुळाशी जुळणाऱ्या बाकाचं पिक करवून घेतलं. पुढचं सगळं आइस क्लायंबिंग त्या बाकावर उभं आहे.

‘मग टूलच घेऊ, दोन्ही कामं होतील.’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि खरा धोका इथेच आहे. उतारावर पाय घसरला तर कुऱ्हाड छातीखाली घ्यायची, एक हात माथ्यावर, दुसरा दांड्याच्या तळाशी, आणि अंगाचा भार देत पिक हळूहळू बर्फात रुतवायचं. याला सेल्फ अरेस्ट म्हणतात. सरळ दांड्याची कुऱ्हाड हे काम करते. झुकलेल्या पिकचं टूल बर्फात एकदम अडकतं, हाताला हिसका बसतो आणि ते हातातून सुटू शकतं. वाकडा दांडा छातीखाली नीट बसतही नाही. शिकाऊ माणसाला पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त लागते ती हीच घसरण थांबवण्याची कला.

‘एव्हरेस्टवाले तर भारी टूल नेतात,’ असंही ऐकू येतं. एव्हरेस्टच्या नेहमीच्या वाटांवर बहुतेक चढाई आधी बांधलेल्या दोरावर, जुमार (दोराला धरणारी, फक्त वर सरकणारी पकड) सरकवत होते. सोबत असते ती हलकी, सरळ कुऱ्हाड. शिखराची उंची हत्यार ठरवत नाही, उताराचा चढ ठरवतो.

लांबीबद्दल जुना नियम अजून सांगितला जातो: माथा हातात धरून उभं राहिल्यावर अणकुची घोट्याला टेकली पाहिजे. तो सपाट हिमनदीवर चालण्याच्या काळातला. चढ वाढला की लांब दांडा अडचणीचा होतो. मध्यम उंचीच्या माणसाला 55 ते 60 सेंटिमीटर बहुधा पुरते.

विकत घेताना दांड्यावर कोरलेली खूण बघा. ‘बी’ किंवा ‘1’ म्हणजे साधी, ‘टी’ किंवा ‘2’ म्हणजे तांत्रिक चढाईची, जिचा दांडा जास्त ताण सोसतो. ‘बी’ म्हणजे दुय्यम दर्जाचा माल, असं समजून कित्येक जण उगाच जास्त पैसे मोजतात. चालण्याच्या कुऱ्हाडीला ‘बी’ पुरेशी असते. खूणच नसेल तर मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आणि आजची टूल्स लवचीक दोरीने कमरेच्या पट्ट्याला बांधतात, ती हातातून सुटलेलं टूल दरीत जाऊ नये म्हणून. पडणाऱ्या माणसाला ती दोरी झेलेल, या भरवशावर कुणी राहू नये.

धारेचं तर आपल्याला सांगायलाच नको, तरी चूक इथेच होते. पिक बोथट झालं की काही जण थेट ग्राइंडरवर धरतात. ठिणग्या उडतात, टोक क्षणभरात निळसर पडतं आणि लोखंडाचं पाणी उतरतं. असं टोक पुढे दगडावर घाव बसताच वाकतं. कोयत्याला लावता तशीच कानस हाताने, एकाच दिशेने, सावकाश लावा. बर्फावर घाव नीट बसला की ‘थप्प’ असा भरीव आवाज येतो. काचेसारखा खणखणला आणि बर्फाची ताटली सुटली, तर जागा बदलावी.

आता ‘आधी सामान, मग कोर्स’ या समजाबद्दल. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 पासून आणि दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था 1954 पासून शिकवते आहे. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा. त्यात खडक, हिम आणि बर्फ तिन्हींवरचे धडे असतात, आणि कुऱ्हाड, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे खिळे), दोर संस्थाच देते. बीडहून निघताना हातात कुऱ्हाड नसली तरी काही बिघडत नाही. पायातल्या बुटांचं माप, मोज्यांचे दोन चांगले जोड आणि रोजची पळण्याची सवय यांची तयारी आधी हवी. कोर्समध्ये वेगवेगळ्या कुऱ्हाडी हाताखालून जातात, तेव्हा आपल्या मनगटाला कोणतं वजन सोसतं ते कळतं. नंतर मनालीत किंवा उत्तरकाशीत भाड्याने घेऊन एखादी मोहीम करता येते. भाड्याची कुऱ्हाड घेताना पिक हलतं का, माथ्याच्या सांध्याला तडा आहे का, दांडा वाकलाय का, हे उजेडात धरून बघा. गावच्या बाजारात कोयता घेताना बघता, अगदी तसंच.