हल्याळच्या रानातली वाकळ
(लेखमाला : उसवण-शिवण, लेखांक ६)

कोल्हापूरकराला एकच सिद्दी माहीत असतो, सिद्दी जौहर. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालून बसला आणि जुलैच्या भर पावसात महाराज त्याच्या हातावर तुरी देऊन विशाळगडाकडं निघून गेले. इतिहासाची थोडी जास्त आवड असली तर जंजिऱ्याचे सिद्दी. सरदार, आरमार, तोफा, तह. पण याच नावाची साधी कष्टकरी माणसं बेळगाव-खानापूर ओलांडलं की हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा या तालुक्यांच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांची गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नाही. ती त्यांच्या बायकांनी शिवलेल्या अंथरुणा-पांघरुणात थोडीफार सापडते, म्हणून आजचा लेखांक तिकडचा.

यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले. जे निसटले ते घाट चढून जंगलात शिरले, कारण मालकाचा हात तिथवर पोचत नव्हता. पुढं कुणी हिंदू झाले, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. घरात बोलतात ती कोकणीच्या वळणाची बोली. शिवाय कन्नड येतं, आपल्या सीमेला लागून असलेल्यांना मराठीही येतं. आफ्रिकेतली भाषा गेली, मूळ नावं गेली. उरलं काय, हा प्रश्न विचारायला अभ्यासक आले, तेव्हा त्यांच्या नजरेला पडल्या कुंपणावर वाळत घातलेल्या कवंदी.

कवंदी म्हणजे आपली वाकळच, पण शिवायची रीत नीट बघण्यासारखी आहे. खाली एक जुनी साडी अंथरायची. कडेच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. कापडाचा तुकडा घ्यायचा, त्याची कड आत दुमडायची, साडीवर ठेवायचा आणि साध्या धावदोऱ्यानं सगळे थर एकदम टोचत पुढं जायचं. एक तुकडा संपत आला की त्याच्या कडेवर दुसरा. म्हणजे आधी तुकडे जोडून वरचा पदर तयार केला, मग अस्तर लावलं, मग टाके घातले, अशी तीन कामं नाहीतच. जोडणं आणि शिवणं एकाच टाक्यात होतं. चारी कडांनी गोल गोल फिरत बाई आत सरकत जाते आणि मधोमध येऊन थांबते. नक्षी कागदावर काढलेली नसते. लाल तुकड्याशेजारी काय येणार, हे पुढचं चिंधुक हातात आल्यावर ठरतं.

शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून त्रिकोणी फुलं बसवतात. त्यांना म्हणतातही फुलंच. ती नसतील तर कवंदी नागडी दिसते, असं या बायका सांगतात. थंडी भागवायच्या कामात या फुलांचा काडीचा उपयोग नाही. मला तर सगळ्या कवंदीत तीच जास्त बोलकी वाटतात. मुसलमान घरातल्या कवंदीवर कधी चंद्रकोर असते, ख्रिस्ती घरातल्या कवंदीवर क्रूस. फुलं मात्र तिन्ही धर्मांच्या घरी.

आता आपली वाकळ आठवा. जुनेरं, धडपे, धोतराची पानं, फाटक्या सदऱ्यांची पाठ. वर-खाली त्यातल्या त्यात धडकं लुगडं घालून दाभणानं घातलेले लांब टाके, तेही कडेकडेनं आत येणारे. धारवाडकडं हिलाच कौदी म्हणतात. मग सिद्दी बायकांचं वेगळं ते काय?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हेन्री ड्रुअल आफ्रिकी कलेचे जुने अभ्यासक. ते या गावांतून हिंडले, २००४ साली बायकांची एक सहकारी संस्था उभी राहायला त्यांनी हातभार लावला. २०११ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये कवंदी लागल्या. तिकडच्या प्रेक्षकाला अलाबामातलं जीज बेंड आठवणं साहजिक होतं. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांच्या नाती-पणतींनी कामाच्या विटलेल्या कपड्यांतून तिथं शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये मोठ्या संग्रहालयांत पोचल्या होत्या. तेच ठळक रंग, तीच वाकडी रेघ, नक्षी मध्येच मोडायची तीच हिंमत.

सारखेपणा डोळ्यांना दिसतो, नाकारता येत नाही. पण त्यावरून ‘ही कला रक्तातून आली’ असं म्हणायला मी तयार नाही. फाटक्या कपड्यांखेरीज हाताशी काही नसलेली बाई अलाबामात असो, यल्लापुरात असो की राधानगरीत, तिची वाकळ बरीचशी सारखीच होणार. सिद्दी बायकांनी टाका शेजारणीकडून घेतला असावा. नव्या गावात आलेली कुठलीही बाई तेच करते. रंगांची मांडणी आणि कोपऱ्याची फुलं यांत त्यांनी आपलं म्हणणं घातलं. उसन्या टाक्यातून ‘आम्ही कोण’ हे सांगता येतं, एवढंच मला यातून दिसतं, आणि ते थोडं नाही.

फिलिपिन्सच्या पसिता अबाद या चित्रकर्तीचंही हेच. १९४६ साली बातानेस बेटांवर जन्मली, १९७० मध्ये अमेरिकेला गेली, पुढं नवऱ्याच्या नोकरीपायी देशोदेशी फिरली. रंगवलेल्या कॅनव्हासला अस्तर लावायचं, मध्ये कापूस भरायचा, टाके घालून फुगवटा आणायचा आणि वर आरसे, कवड्या, टिकल्या, गावोगावचं कापड शिवायचं, ही तिची पद्धत. त्या शिवणकामाचं नाव इटालियन, कवड्या कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या. तरी १९९२ सालची तिची स्वातंत्र्यदेवता, सावळ्या कातडीची, रंगीबेरंगी झगा ल्यालेली, बघितली की ती कुणी केली हे विचारावं लागत नाही. ही बाई २००४ साली वारली. अमेरिकेत तिचं सगळं काम एकत्र मांडणारं मोठं प्रदर्शन भरायला २०२३ उजाडलं.

सरकारी कागदाला असला सरमिसळपणा चालत नाही. तिथं रकाना भरावा लागतो. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या त्यांच्याच भाऊबंदांना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावं लागलं. जिल्ह्याची हद्द आडवी आली, दुसरं काय! सीमाभागातल्या वाचकांना हे नवं वाटणार नाही.

राहता राहिला बाजार. वाकळेतली मोठी गोष्ट ही की कुठला तुकडा कुणाचा, हे घरातल्यांना ठाऊक असतं: हे आजीचं इरकली, ही धाकट्याची शाळेची चड्डी. विकत घेणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाला मात्र दुसऱ्याच्या घरचं जुनेर अंगावर नको असतं. त्याला नवं, धुऊन पक्क्या रंगाचं सुती कापड हवं. म्हणजे दुकानातून ठाण आणायचं, त्याच्या चिंध्या करायच्या आणि त्या परत जोडायच्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण मी नाक मुरडणार नाही. शेता-रानात मजुरी करणाऱ्या बाईला चार पैसे मिळत असतील तर तिनं नवं ठाण खुशाल फाडावं. शिवाय जुनं सुती कापड तरी आता कुणाच्या घरात उरलंय? आपल्याकडं नायलॉनच्या आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या, त्यांत दाभण सरळ चालत नाही आणि ऊबही धरत नाही. त्यावर पानिपतची जाड ब्लँकेटं हप्त्यानं दारात आली. करवीर-पन्हाळ्याच्या गावांत वाकळ शिवणारी बाई आता शोधावी लागते. तिकडं हल्याळला निदान मागणी तरी आहे, आणि विकायच्या कवंदीलाही फुलं लावायचं त्यांनी सोडलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात सोलापूर : तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि त्यांची चादर.