डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग: वर्गातही स्टिअरिंग नसतं

टेक्सासमधल्या मराठी घरात स्पीडिंगचं तिकीट आलं की एक सल्ला हमखास मिळतो: "ऑनलाइन कोर्स करू नकोस, तिथे नुसतं क्लिक करत बसायचं असतं. वर्गात जा, तिथे गाडी नीट चालवायला शिकवतात." सांगणारा आपुलकीने सांगतो. ऐकणारा आपला शनिवार मोकळा करतो, सहा तास वर्गात बसतो आणि त्या सहा तासांत स्टिअरिंगला त्याचा हातही लागत नाही.

हा समज इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की आता चीड येते. चीड सल्ला देणाऱ्याची नाही. या समजापायी लोक चुकीच्या ठिकाणी पैसे आणि वेळ घालवतात, आणि ज्या शिकवणीची त्यांना खरोखर गरज असते ती राहूनच जाते, याची चीड येते.

तिकीट रद्द करून घेण्यासाठीचा टेक्सासचा कोर्स सहा तासांचा असतो, वर्गात केला तरी आणि घरी बसून केला तरी. दोन्हींना मान्यता देणारं राज्याचं खातं एकच. विषयही तेच: पुढच्या गाडीपासूनचं अंतर, दारू, झोप, मोबाइल, सीटबेल्ट, आधी जाण्याचा हक्क कोणाचा. न्यूयॉर्कमध्ये असाच कोर्स ३२० मिनिटांचा आहे आणि तोही दोन्ही प्रकारे करता येतो. 'नॅशनल सेफ्टी कौन्सिल'ने १९६४ मध्ये डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स सुरू केला तेव्हापासून ही शिकवणी डोळ्यांची आणि अंदाजाची आहे: धोका आधी ओळखायचा, सुटायला जागा ठेवायची. ताशी ६० मैलांनी जाणारी गाडी एका सेकंदात ८८ फूट पुढे सरकते. म्हणजे तीन सेकंदांचं अंतर ठेवायचं तर पुढच्या गाडीच्या मागे २६४ फूट मोकळे हवेत. हायवेवर इतकी जागा सोडणारे फार कमी दिसतात. हा हिशेब फळ्यावर मांडा किंवा स्क्रीनवर, तो तोच राहतो.

यावर उत्तर येतं, "पण समोर शिक्षक असला की डोक्यात शिरतं." शिरत असेलही. प्रश्न आहे त्याने अपघात कमी होतात का, हा. लायसन्स मिळाल्यानंतर दिल्या जाणाऱ्या वाहनशिक्षणाचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २४ चाचण्या तपासल्या होत्या, बहुतेक अमेरिकेतल्या. अशा शिक्षणाने अपघात किंवा इजा कमी होतात याचा पुरावा सापडला नाही. पोस्टाने घरी साहित्य पाठवून शिकवलं, गटात बसवून शिकवलं की एकेकट्याला शिकवलं, यांतली कुठलीही पद्धत दुसरीपेक्षा ठळकपणे सरस ठरली नाही. त्या चाचण्या आजच्या ऑनलाइन कोर्सच्या आधीच्या आहेत हे खरं, पण घरबसल्या की समोरासमोर हा वाद तेव्हाही हाच होता.

कॅलिफोर्नियाचा अनुभव आणखी बोलका आहे. तिथल्या मोटार वाहन विभागाच्याच संशोधकांना दिसलं की वाहतूक-शाळेत जाऊन तिकीट रद्द करून घेतलेल्या चालकांचे पुढचे अपघात, गुन्हा नोंदला गेलेल्या चालकांपेक्षा जास्त होते. नोंदच पुसली गेली की पुढच्या शिक्षेचा धाक उरत नाही. १ जुलै २०११ पासून तिथे नियम बदलला: शाळा पूर्ण केली तरी दोषसिद्धी रद्द होत नाही, फक्त गोपनीय राहते.

तेव्हा सरळ बोलू. हा कोर्स मुख्यतः कायद्याच्या आणि पैशाच्या कामाचा आहे. तिकीट, लायसन्सवर चढलेले पॉइंट्स किंवा इन्शुरन्सचा हप्ता, यांपैकी एकासाठी तो केला जातो, आणि त्या कामी ऑनलाइन व वर्ग यांचं वजन सारखंच. चार गोष्टी नव्याने कळल्या तर चांगलंच. पण तो करून हात सुधारेल ही अपेक्षा ठेवू नका.

हात सुधारायचा असेल तर शेजारच्या सीटवर प्रशिक्षक हवा. पुण्यात किंवा नाशकात पंधरा-वीस वर्षं डाव्या बाजूने गाडी चालवलेल्या माणसाला अमेरिकेत माहितीपेक्षा सवय जास्त नडते. डावीकडे वळताना तो नकळत चुकीच्या लेनमध्ये शिरतो. फोर-वे स्टॉपला आपली पाळी कधी हे त्याला पटकन उमगत नाही. लाल दिव्याला उजवीकडे वळण्याआधी पूर्ण थांबायचं असतं, तिथे तो नुसता वेग कमी करतो. समोरून येणाऱ्या स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकू लागले तर मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर आपल्यालाही थांबायचं असतं, हे वाचलेलं असूनही ऐन वेळी पाय ब्रेकवर जात नाही. यातली प्रत्येक चूक कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. लायसन्सधारक ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन तास घालवले तर यातलं बरंचसं दिसतं आणि तिथल्या तिथे दुरुस्त होतं. आईवडील मुलांकडे राहायला येऊन गाडी चालवणार असतील तर त्यांच्यासाठी हा खर्च आधी करा, हे मी कळकळीने सांगतो.

मात्र गाडी घसरवून सावरायला शिकवणाऱ्या कोर्सच्या मोहापासून जपून राहा. नॉर्वेने १९७९ मध्ये नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. पुढे पाहणीत आढळलं की तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढले होते. आत्मविश्वास कौशल्याच्या पुढे निघून गेला.

आता बाकीचे समज, भराभर.

ऑनलाइन कोर्स पळवत संपवता येतो? नाही. प्रत्येक भागाला ठरलेला वेळ द्यावाच लागतो आणि समोर तुम्हीच आहात ना, हे तपासणारे प्रश्न मधे मधे येतात.

कोर्स केला की तिकीट आपोआप रद्द होतं? टेक्सासमध्ये तिकिटावरच्या तारखेपर्यंत कोर्टाकडे परवानगी मागावी लागते. ती मिळाली की ९० दिवसांत कोर्स संपवून प्रमाणपत्र आणि ड्रायव्हिंग रेकॉर्ड कोर्टात पोचवावं लागतं. आधी कोर्स आणि मग कोर्ट, असं उलटं करणाऱ्यांचे पैसे वाया जाऊ शकतात.

कुठल्याही तिकिटाला चालतो? मर्यादेपेक्षा २५ मैल किंवा त्याहून जास्त वेग, ताशी ९५ मैल किंवा त्याच्या वर, कामगार हजर असताना रस्तेकामाच्या पट्ट्यातला गुन्हा, गेल्या १२ महिन्यांत हाच मार्ग वापरलेला असणं, यांपैकी काही असलं तर नाही. ट्रकचं व्यावसायिक लायसन्स असणाऱ्यांनाही नाही.

भारतीय लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिटवर चालवताना तिकीट मिळालं तर? टेक्सासची ही सवलत टेक्सासच्या लायसन्स किंवा परमिटधारकांसाठी आहे; सैन्यातल्यांचा अपवाद. इतरांनी कोर्टात 'डिफर्ड डिस्पोझिशन' (निकाल लांबणीवर टाकण्याची सोय) मिळेल का, ते विचारावं.

"पॉइंट्स पुसले जातात" हे न्यू जर्सीचे नातेवाईक टेक्सासवाल्यांना सांगतात. टेक्सासने पॉइंट्सवर दंड लावणारी योजना १ सप्टेंबर २०१९ पासून बंदच केली. न्यू जर्सीत दोन पॉइंट्स कमी होतात, तेही पाच वर्षांतून एकदा. न्यूयॉर्कमध्ये लायसन्स निलंबित करताना चारपर्यंत पॉइंट्स हिशेबातून वगळतात, आणि तेही कोर्स संपण्याआधीच्या ठरावीक काळातले. रेकॉर्डवर ते तसेच राहतात.

इन्शुरन्स सगळीकडे कमी होतो? न्यूयॉर्कमध्ये लायबिलिटी आणि कोलिजनच्या मूळ दरावर तीन वर्षं १० टक्के सूट कायद्यानेच मिळते. टेक्सासमध्ये ते कंपनीवर आहे, म्हणून कोर्स घेण्याआधी आपल्या एजंटला विचारा.

निवड करायची तर माझं मत असं. लहान मुलं घरात असतील, शिफ्टची नोकरी असेल, इंग्रजी वाचायला अडचण नसेल तर ऑनलाइन. स्क्रीनवर लक्ष टिकत नसेल, इंग्रजी वाचण्यापेक्षा ऐकून जास्त कळत असेल, मनात साठलेले प्रश्न विचारायचे असतील तर वर्ग. वयस्कर मंडळींना बहुधा तोच मानवतो. दोन्हींत पैसे भरण्याआधी त्या कोर्सचं नाव राज्याच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः शोधा, आणि न्यू जर्सीचं लायसन्स असेल तर न्यूयॉर्कचा कोर्स विकत घेऊ नका.